उजव्या खिशातला चेंडू

बाबा, परवा टेकडीवरच्या क्लबातून फोन आला होता. नवा सेक्रेटरी होता, आवाजावरून तरुण वाटला. तुमच्या नावाचा करंडक या वर्षी मी माझ्या हातानं द्यावा अशी त्यांची इच्छा आहे. "मॅडम, त्यांच्या खिलाडूवृत्तीची गोष्ट आम्ही प्रत्येक नव्या मेंबरला सांगतो," असं तो म्हणत होता, तेव्हा मी त्याला मध्येच तोडलं आणि नाही म्हणाले. दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, दरवर्षी मी नाही म्हणते आणि कारण सांगत नाही. या वेळी फोन ठेवल्यावर वाटलं, निदान तुम्हाला तरी ते एकदा सांगावं. तुम्हाला ते ठाऊकच आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले. खरं म्हणजे त्याचीही मला खात्री नाही.

मी तुमच्यावर रागावलेली आहे. तुम्ही गेल्यावर लोक म्हणाले, काळ जाईल तसा राग निवळेल. काळ पुष्कळ गेला. राग निवळला नाही, आणि तो निवळावा म्हणून मी काही केलंही नाही.

आपल्या घरी दोन मराठी होत्या, हे मला फार लहानपणी कळलं. नागपुरात धंतोलीतल्या औषधांच्या ठोक दुकानात आणि घरी तुम्ही मले-तुले बोलायचात, हमालांना गा म्हणायचात, आईला वं म्हणायचात. रविवारी सकाळी पांढरी पँट चढवून, लष्करातल्या कोणाकडून घेतलेल्या जुन्या काठ्यांची पिशवी गाडीत टाकून तलावावरच्या टेकडीकडे निघालात की रस्त्यातच तुमची जीभ बदलायची. टेकडीवर पोचेपर्यंत मला, तुला, का बरं, असं सगळं पुस्तकातल्यासारखं व्हायचं. तिथे डॉक्टर असायचे, सरकारी अधिकारी असायचे आणि त्यांच्या इस्पितळांना, खात्यांना औषधं लागायची. गोल्फ तुम्हाला त्यासाठी हवा होता. मला तुम्ही बरोबर न्यायला लागलात तेही त्यासाठीच असणार, मुलीला खेळ शिकवणारा पुढारलेला बाप तिथे दुसरा नव्हता. पण मला तो खेळ मनापासून आवडला. मुरमाची उतरण, वाळलेलं गवत, हिरवळीच्या जागी तेल घालून दाबलेल्या वाळूची गोल तपकिरी वर्तुळं, आणि खाली उन्हात चकाकणारा तलाव. काठी नीट बसली की तिचा आवाजच वेगळा यायचा. तो आवाज काढायला मला तुम्हीच शिकवलंत. हे मी लिहिते आहे, कारण ते खरं आहे.

एकदा एका मोठ्या डॉक्टरांच्या देखत मी म्हणाले, "बाबा, मले तहान लागली." तुम्ही हसत हसत माझा कोपर धरला, मला झाडामागे नेलं आणि कोपर न सोडता म्हणालात, "इथे मले-तुले चालत नाही. पुन्हा ऐकलं तर घरी ठेवून येईन." डॉक्टरांकडे परत जाताना तुम्ही पुन्हा हसत होतात. कोपरावर तुमची बोटं उमटली होती. पाणी मी घरी येऊन प्यायले. आज हे पत्र मी तुमच्या टेकडीवरच्या मराठीतच लिहिते आहे. तेवढं तुम्ही जिंकलात.

मग तुम्हाला ते समुद्रकाठचं आमंत्रण आलं. पूर्वेकडच्या बंदराच्या गावी इंग्रजांच्या वेळचं एक जुनं मैदान होतं आणि तिथे दरवर्षी बाहेरगावच्या क्लबांतले खेळाडू बोलवायचे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तुम्ही मला घेऊन निघालात. आईनं डब्यात तिखट पुऱ्या आणि सुकी पाटोडी बांधून दिली. रात्रभर आणि पुढचा सगळा दिवस गाडीत गेला.

ते मैदान मला अजून जसंच्या तसं दिसतं. डोंगराच्या उतारावर लाल कौलांचं दगडी क्लबघर आहे, त्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या आहेत, भिंतींवर जुन्या विजेत्यांच्या लाकडी पाट्या आहेत. खाली खरं हिरवं गवत पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातं, कडेला सुरूची झाडं वाऱ्यानं एकाच बाजूला वाकलेली आहेत आणि त्यांच्यापलीकडे जमीन संपते. मग नुसता समुद्र. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता, तुम्हीही नव्हता. वारा इतका की बोललेलं दुसऱ्याला नीट ऐकू जात नाही.

तुमची पिशवी उचलायला क्लबानं एक माणूस दिला होता. पन्नाशीचा असेल, काळासावळा, पायात टायरच्या चपला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तो तेलुगू बोलायचा, थोडं तुटकं हिंदी. पहिल्याच दिवशी त्यानं मला सुरूच्या झाडाखाली बसायला दगड पुसून दिला होता. दोन दिवस तुम्ही फार चांगले खेळलात. शेवटच्या दिवशी तुमच्याविरुद्ध एक निवृत्त नौदल अधिकारी होते, उंच, कमी बोलणारे. शेवटच्या खड्ड्यापर्यंत दोघं बरोबरीत होतात. मी वरच्या पायवाटेवरून तुमच्या पाण्याची बाटली घेऊन चालत होते.

त्या खड्ड्याचा पहिला फटका कड्याच्या वळणावरून मारायचा होता. तुम्ही मारलात आणि वाऱ्यानं चेंडू उजवीकडे नेला, कड्याच्या काठावरच्या झुडपांत. तो पलीकडे पडला असता तर तुम्हाला दंड बसून मागे येऊन पुन्हा मारावं लागलं असतं आणि स्पर्धा तिथेच हातची गेली असती. तुम्ही आणि तो माणूस शोधायला खाली उतरलात. तो झुडपात वाकून शोधत होता, त्याची पाठ तुमच्याकडे होती. नौदलवाले पलीकडे आपल्या चेंडूपाशी उभे होते. तुम्हाला वाटलं, कोणी पाहत नाही. मी वर उभी होते, बाबा, तुमच्या थेट डोक्यावर. तुम्ही उजवा हात खिशात घातलात, उजवा पाय किंचित झाडलात आणि पँटच्या पायातून पांढरा चेंडू तुमच्या बुटावर येऊन गवतात घरंगळला. मग तुम्ही ओरडलात, "सापडला!"

तिथून तुम्ही सुरेख फटका मारलात. चेंडू निशाणाजवळ जाऊन थांबला. व्हरांड्यात टाळ्या वाजल्या. तेवढ्यात नौदलवाले कड्याच्या काठानं चालत वर येत होते, ते मध्येच वाकले आणि खडकाच्या फटीतून काहीतरी उचललं. तो चेंडू होता. त्यावर निळ्या शाईची दोन टिंबं होती. तुमच्या सगळ्या चेंडूंवर तुम्ही ती खूण करायचात. त्यांनी तो तळहातावर ठेवून तुमच्यापुढे धरला.

तोवर क्लबाचे सेक्रेटरी आणि आणखी चारपाच जण आले होते. मी वरून पळत खाली उतरले. तुमच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली, आणि ती क्षणात गेलीही. तुम्ही पिशवीवाल्या माणसाकडे वळलात. इंग्रजीत, अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणालात की यानंच पिशवीतला जास्तीचा चेंडू काढून तिथे टाकला असणार. बक्षिसाच्या आशेनं ही माणसं असं करतात, आणि मी बिचारा फसलो. तो माणूस आधी हसला, कारण त्याला इंग्रजी समजलं नव्हतं. मग सेक्रेटरी तेलुगूत त्याच्यावर ओरडले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणायला लागला. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि तिचा बंद कप्पा दाखवला. कोणी पाहिलं नाही.

तेव्हा मी बोलले. आणि माझ्या तोंडातून आली ती घरचीच बोली. "बाबा, त्यानं नाई टाकला. तुमच्या खिशातून पडला तो. मी वरून पाह्यलं."

तिथे मराठी कोणालाच येत नव्हती. नौदलवाल्यांनी तुम्हाला विचारलं, मुलगी काय म्हणते आहे? आणि तुम्ही, बाबा, माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि त्यांना सांगितलंत की तिला ऊन लागलं आहे, तिला सावलीत जायचं आहे.

मी कॉन्व्हेंटमधली नव्हते. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं होतं. तरी मी तुमचा हात झटकून म्हणाले, "फादर पॉकेट. बॉल. फादर पॉकेट." आणि बोटानं उजवा खिसा दाखवला. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं, तुमच्या खिशाकडे पाहिलं. त्यांना समजलं. मी शपथेवर सांगते, त्यांना समजलं. पण लगेच त्यांनी नजर वळवली आणि ते समुद्राकडे पाहायला लागले. शहरातला पाहुणा, कपडे चांगले, आणि दुसरीकडे टायरच्या चपलांतला माणूस. खिसा तपासायला त्यांना एकच हात पुढे करायचा होता आणि तो त्यांनी केला नाही. तुम्ही हसून म्हणालात, तिला माझा रुमाल हवा आहे. आणि डाव्या खिशातून रुमाल काढून तुम्ही मला दिलात.

त्या माणसाला तिथल्या तिथे हाकलून दिलं. कमरेला बांधलेला क्लबाचा बिल्ला सोडून घेतला. जाताना त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, या सगळ्या जमावात माझं बोलणं फक्त त्याला कळलं. सुरूच्या झाडांतून तो खाली उतरत गेला आणि मग दिसेनासा झाला.

तुम्ही मात्र किती उमदे ठरलात! स्वतःहून डाव सोडलात, नौदलवाल्यांचा हात हातात घेतलात, म्हणालात, चूक माझ्या माणसाची असली तरी हार माझी. संध्याकाळच्या जेवणात त्यांनी तुम्हाला खिलाडूवृत्तीबद्दल चांदीची लहानशी तबकडी दिली आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. नौदलवाले वाजवत नव्हते. तुमच्या ते लक्षात आलं नाही.

परतीच्या गाडीत रायपूर येईपर्यंत तुम्ही तोंडापुढे पेपर धरून होतात. मग डब्यातली माणसं उतरल्यावर म्हणालात, "काहून बोलली तू? बापाले खाली पाहाले लावते?"

मी म्हणाले, "तुम्ही त्या माणसाले काहून अडकवलं?"

"त्याचं काय जाते? आज इथं, उद्या दुसरीकडं लागंल. मले नागपुरात राहाचं हाय. त्याच डॉक्टरांत बसाचं हाय. समजते का तुले?"

"नाई समजत."

"मंग चूप बस," तुम्ही म्हणालात आणि खिडकीची काच खाली ओढलीत.

घरी आल्यावर आई कपडे धुवायला काढत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि हातानं तुमची पांढरी पँट उलटी करत होती. उजव्या खिशाचा तळ उसवलेला होता. उसवलेला म्हणजे फाटलेला नाही, धागा नीट कापून काढलेला. मी विचारलं, "आई, हे तुले माहीत होतं?" ती म्हणाली, "मले खेळातलं काय समजते वं? मी एकदा शिवला होता, तर चिडले. म्हणे, या खिशाले हात लावू नको. नाई लावला." मी म्हटलं, "कधीची गोष्ट?" तिनं नळ सोडला. मग म्हणाली, "तू लहान होती."

म्हणजे टेकडीवरचे ते सगळे रविवार. दिवाणखान्यातल्या कपाटातले ते सगळे कप. झुडपात शोधायला गेलेले तुम्ही आणि "सापडला!" अशी तुमची आनंदी हाक. मी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात तुम्ही मला मनगटी घड्याळ आणून दिलंत, सोनेरी पट्ट्याचं. त्या वेळी आमच्या वर्गात कोणाकडे तसं नव्हतं. मी ते घेतलं नाही. तुम्ही ते टेबलावर ठेवून म्हणालात, आता टेकडीवर येण्याची गरज नाही, अभ्यास कर. माझी काठी तुम्ही कोणाला तरी देऊन टाकलीत. तो खेळ माझा तिथेच संपला. हा हिशेबही तुमच्याच नावावर आहे, कारण मी चांगली खेळत होते, बाबा. खिशाशिवाय खेळत होते.

त्यानंतर ती गोष्ट तुम्ही घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागलात. समुद्र दर वेळी जास्त खवळलेला असायचा. पिशवीवाला माणूस जास्त लबाड व्हायचा, तुमचं मन जास्त मोठं व्हायचं. मी चहाचा ट्रे घेऊन यायचे आणि तुमचं वाक्य कुठवर आलं आहे ते मला दारातूनच कळायचं. अमरावतीचे लोक मला पाहायला आले तेव्हाही तुम्ही ती काढलीत. मी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि म्हणाले, "असं झालं नव्हतं. चेंडू बाबांच्या खिशातून पडला होता." मुलाची आई माझ्याकडे पाहतच राहिली. ते स्थळ मोडलं. लोक गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "तुह्या जिभेनं तुहंच वाटोळं होईन." पुढे माझं लग्न झालं, नोकरी झाली, शाळेत मी भूगोल शिकवला, वाटोळं काही झालं नाही. पण तुमच्या घरात मी पुन्हा मोकळी बसले नाही. सणाला यायचे, आईजवळ स्वयंपाकघरात बसायचे आणि जायचे.

मग तुमची मूत्रपिंडं बिघडली आणि तुम्हाला धंतोलीतच, दुकानापासून दोन गल्ल्यांवर, तुमच्याच क्लबातल्या एका डॉक्टरांच्या इस्पितळात ठेवलं. दुपारची पाळी माझी असायची. एक दिवस तुम्ही सलाइन लावायला आलेल्या नर्सला ती गोष्ट सांगितलीत. आवाज खोल गेला होता, तरी समुद्र खवळलेलाच होता. ती गेल्यावर मी तुम्हाला विचारलं, "बाबा, त्या माणसाचं नाव तरी तुम्हाला माहीत होतं का?"

तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "कोन्या माणसाचं?"

मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तुम्ही टाळत नव्हता. तुम्हाला खरंच कळलं नव्हतं मी कोणाबद्दल विचारते आहे. तुमच्या लेखी त्या डोंगरावर तुम्ही होता, समुद्र होता आणि टाळ्या होत्या. मी तुमच्या उशाजवळचा ग्लास भरून ठेवला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. त्यानंतर तीनचार दिवसांत तुम्ही गेलात. क्लबाच्या शोकसभेत अध्यक्षांनी तीच गोष्ट सांगितली आणि करंडकाची घोषणा केली. मी उठून बाहेर आले. आई मागून आली आणि म्हणाली, "जाऊ दे वं आता." ती आयुष्यभर जाऊ देत आली होती. मी नाही दिलं.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी शाळेची सहल त्याच बंदराच्या गावी गेली. मुलींना दुसऱ्या बाईंवर सोपवून मी एक सकाळ काढली आणि रिक्षानं त्या डोंगरावर गेले. क्लबघर तसंच होतं. फाटकाशी काठ्यांच्या पिशव्या घेऊन बसलेल्या माणसांना मी त्या वर्षी बिल्ला काढून घेतलेल्या माणसाबद्दल विचारत राहिले, आणि एका म्हाताऱ्यानं मला खालच्या कोळीवाड्यातल्या एका घराकडे पाठवलं. तो जिवंत होता, पाहताच मी त्याला ओळखलं. दारात जाळं पसरून बसला होता, हातात सुई होती. केस पिकले होते, एका डोळ्यात फूल पडलं होतं. त्याच्या सुनेनं मला पाट दिला. मी हिंदीत सांगितलं, मी नागपूरची, अमक्या वर्षी, शेवटच्या दिवशी, चेंडू, माझे वडील, तुमचा बिल्ला काढून घेतला. तो ऐकत होता. मग डोकं हलवून म्हणाला, "नहीं याद, अम्मा. मेरे को चार बार निकाला वहाँ से. हर बार कोई साब था."

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आणि तुमचा पत्ता आता नाही, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही. हे पत्र या वहीच्या पानांतच राहील. त्याचं ते उत्तर ऐकून मला तुमचा राग आला नाही, त्याचा आला. मी त्याला पुन्हा सगळं सांगितलं. म्हटलं, एक मुलगी होती, दोन वेण्या, तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की तू काही केलं नाहीस. आठव. मग तिसऱ्यांदा सांगितलं. सून कामातून उठून बघायला लागली. त्यानं जाळं बाजूला ठेवलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसून म्हणाला, "हाँ हाँ, याद है. लड़की बोली थी. बहुत ज़ोर से बोली थी."

तो खोटं बोलत होता. मला ते स्वच्छ कळत होतं. तरी मी त्याचे हात धरले आणि डोंगराखाली येईपर्यंत मला फार बरं वाटत होतं.